हिंगाष्टक निर्धास्त घेऊ नका

गहू वर्ज्य असलेल्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनी पोटफुगीवर हिंगाष्टक चूर्ण निर्धास्त घ्यावं, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचं मत मला मान्य नाही. सुंठ, मिरी, ओव्यात गहू नसतो हे खरं. पण बाजारातल्या बांधानी हिंगात डिंकासोबत सर्रास मैदा मिसळलेला असतो! माझ्या मुलीला हा आजार आहे. तिच्या भाकरीची परात, तवासुद्धा आम्ही वेगळा ठेवतो. आणि चूर्णाच्या डबीवर मात्र नुसतं ‘हिंग’ छापलेलं. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे. आयुर्वेदिक औषधं १९४०च्या औषध कायद्याखाली येतात, त्यांना तो नियम लागू नाही. हिंग कोणता, चूर्णाऐवजी गोळी घेत असाल तर ती बांधायला स्टार्च कशाचा, हे उत्पादकाला लेखीच विचारावं. संपादकांनी हा खुलासा ठळक छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे