डॉल्फिनच्या हसण्यावर जाऊ नका!

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि आपल्या सिडको-गारखेड्यातले निम्मे व्हॉट्सॲप स्टेटस दुबईचे झाले. परवा एका जवळच्या मित्राचा फोटो पाहिला. लेक पाण्यात उभी, डॉल्फिन तिच्या गालाला तोंड लावतोय. मीही अंगठा दाबणार होतो, पण हात थांबला. मित्रावर राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, डॉल्फिन हसत नसतो. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी पडला तरी चेहरा तोच. लहानपणी एका प्राणिसंग्रहालयात साखळीला बांधलेला हत्ती सारखा डोलायचा. आम्ही पोरं "हत्ती नाचतोय" म्हणून टाळ्या पिटायचो. कोंडलेला हत्ती ताणामुळे तसा डोलतो, हे फार उशिरा कळलं.

समुद्रातला डॉल्फिन कळपात राहतो, रोज कितीतरी किलोमीटर पोहतो, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. हौदात टाकला की चारी बाजूंनी भिंती. वर दिवसभर नवनवी माणसं अंगाला हात लावणार. 'पापी' दिली की मासा मिळतो. त्याला आपण प्रेम म्हणतो!

हे येतात कुठून? दुबईतल्या एका बड्या हॉटेलसाठी २००७ साली सोलोमन बेटांजवळच्या समुद्रात पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने नेले होते.

आपल्या देशातही हा प्रयोग झालाय. १९९८ च्या सुमारास बल्गेरियाहून चेन्नईला डॉल्फिन आणले, ते सहा महिन्यांत मेले. तरी पुढे महाराष्ट्र, केरळमधून पुन्हा प्रस्ताव आलेच. आपल्या सिंधुदुर्गचंही नाव त्यात होतं. शेवटी मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही. म्हणजे जे आपल्या देशात चालत नाही, ते आपण तिकीट काढून बाहेर जाऊन करतोय.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे. "तिथलेच जन्मलेले असतात हो, त्यांना समुद्र माहीतच नाही." अहो, पिंजऱ्यात जन्मला म्हणून पोपटाचे पंख जातात का? "तुम्ही मटण खात नाही का?" खातो. त्यावर वेगळं भांडू. पण इथे पोटाचा प्रश्नच नाही, फक्त फोटोचा आहे. "आम्ही एकट्याने न जाऊन काय फरक पडणार?" तिकिटं खपतात म्हणूनच हौद बांधले जातात ना!

पोरांना डॉल्फिन दाखवायचाच असेल तर दापोली-हर्णैला किंवा तारकर्लीला न्या. होडी लांब ठेवायला सांगा, पाठलाग करायला लावू नका. दिसला तर नशीब, नाही दिसला तर समुद्र आहेच.

आणि तेवढंही लांब नको असेल, तर आपलं नाथसागर आहे. हिवाळ्यात पैठणकडे पाहुणे पक्षी उतरतात. आपण काठावर दुर्बीण लावून बसतो, रोहित दिसला की पोरं ओरडतात, तो उडून जातो. त्याला पकडून मिठी मारावी असं कुणाला वाटत नाही. आनंद काही कमी होत नाही.

टूर बुक करताना एवढंच सांगा: "डॉल्फिनवालं नको."

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा.