मनोऱ्यावर गर्दी नको

मागच्या जानेवारीत आमची नववीची तुकडी केरळमधल्या अलप्पुळा शहरी शैक्षणिक सहलीला गेली होती. परत आल्यावर सूचना फलकावर सहलीचा अहवाल लागला. त्यात ‘कॅडेट्सनी पक्षी निरीक्षणाचा आनंद लुटला’ असे एक वाक्य आहे. मी स्वतः तिथे होतो, म्हणून सांगतो की हे वाक्य खरे नाही. आम्ही पक्षी उडवून लावले आणि रिकामी झाडे बघून परत आलो. येत्या जानेवारीत आताची नववी तिथेच जाणार आहे. आपण सहल काढतो तशीच काढणार असू, तर कार्यक्रमातून पक्षी निरीक्षण काढून टाकावे. ते ठेवायचे असेल तर सहलीची पद्धत बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जागेविषयी. अलप्पुळा म्हणजेच आलेप्पी हे कालव्यांचे शहर आहे. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकात इथले बंदर वसवले. मिरी, काथ्या, तांदूळ असा माल वेंबनाड सरोवरातून समुद्रापर्यंत नेता यावा म्हणून शहरातून कालवे खणले. किनाऱ्यावर 1862 सालचे दीपगृह अजून उभे आहे. शहराबाहेर कुट्टनाडची भातशेती सुरू होते. ही शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बांध घालून आणि पंपाने पाणी उपसून तिथे भात पिकवतात. शेत, कालवा आणि सरोवर असे तिन्ही प्रकारचे पाणी जवळजवळ असल्यामुळे तिथे पाणपक्ष्यांची चंगळ असते. वेंबनाड-कोल पाणथळ क्षेत्राला 2002 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. सलीम अली यांनी 1933 मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले होते. अशा ठिकाणी आम्ही गेलो आणि काय केले ते आता सांगतो.

पहिल्या दिवशी हाउसबोट होती आणि तिच्यावर स्पीकर होता. सरोवराच्या मध्यावर काही मुले ओरडली, ‘‘स्थलांतरित पक्षी! सायबेरिया!’’ शेकडो बदके एका बांधाकडे पोहत निघाली होती. सगळ्यांनी फोटो काढले. मग बांधावर काठी घेतलेला माणूस दिसला. ती त्याची पाळीव बदके होती. कुट्टनाडात भात कापल्यावर सांडलेले दाणे टिपायला बदकांचे कळप शेतात सोडतात. नावाडी काका बराच वेळ हसत होते. यात चूक कोणाची नव्हती, फक्त आमची तयारी शून्य होती.

दुसऱ्या दिवशी मुहम्म्याच्या धक्क्यावरून सरकारी फेरीबोटीने सरोवर ओलांडून आम्ही कुमारकोमच्या पक्षी अभयारण्यात गेलो. ही जागा फक्त 14 एकरांची आहे. पूर्वी तिथे बेकर नावाच्या इंग्रज कुटुंबाची इस्टेट होती. झाडीतून पायवाट जाते आणि पुढे निरीक्षण मनोरा लागतो. आम्ही 53 जण एका रांगेत, सहलीचे लाल टी-शर्ट घालून, लोखंडी जिन्यावर बूट वाजवत वर गेलो. समोरच्या झाडांवर रातबगळे बसले होते. रातबगळा रात्री मासे धरतो आणि दिवसा झोपतो. ‘‘अरे, ते बघ!’’ असा पहिला आवाज माझा होता, हे इथे कबूल करतो. माझ्यामागून सगळेच ओरडले. मिनिटभरात झाडे रिकामी झाली. आमच्या वाटाड्याने एक शब्दही काढला नाही. त्याने वही मिटली, खिशात ठेवली आणि जिना उतरायला लागला. मला ओरडा मिळाला असता तर बरे वाटले असते.

आता आपल्या कॅडेट मित्रांना एक प्रश्न. फील्डक्राफ्टच्या तासाला ‘वस्तू का दिसते’ हा धडा आपण सगळ्यांनी पाठ केला आहे. आकार, छाया, चमक, बाह्यरेखा, हालचाल. परीक्षेत मला त्यात पूर्ण गुण होते. मग मनोऱ्यावर मी काय केले? लाल रंग घातला, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिलो, हात हलवले आणि वर ओरडलो. धड्यातली प्रत्येक चूक एकाच मिनिटात केली. शत्रूपासून लपायला आपण शिकतो, पण तीच विद्या रातबगळ्यासमोर वापरावी हे कोणालाच सुचले नाही.

पक्षी निरीक्षक आडोशाच्या ज्या जागेत बसतात तिला मराठीत ‘लपण’ म्हणतात. शब्दातच सगळे आले. लपण म्हणजे प्रेक्षागृह नव्हे. आत बसलेला माणूस बाहेरच्या जिवाला नसल्यासारखा वाटला पाहिजे.

त्याच दिवशी संध्याकाळी सरांनी आम्हा सहा जणांना छोट्या होडीतून कैनकरीच्या अरुंद कालव्यात नेले. फोन सरांकडे जमा केले होते. नावाडी दादांनी होडी केवड्याच्या झाडोऱ्याखाली लावली आणि वल्हे आत घेतले. पहिली दहा मिनिटे काहीच घडले नाही. डास चावत होते. मग लक्षात आले की समोरच्या काठावरचे मातकट ढेकूळ म्हणजे वंचक आहे. त्याला ढोकरीही म्हणतात. बसला असताना तो चिखलाच्या रंगाचा असतो, उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात. मला वाटते म्हणूनच त्याला वंचक, म्हणजे फसवणारा, म्हणत असावेत. पाऊण तास तो जवळजवळ हललाच नाही. मग एकदाच मान लांब झाली आणि चोचीत मासा होता. अॅम्बुशचा धडा मला त्या दिवशी कळला.

एका खांबावर पंख पसरून पाणकावळा बसला होता. दादा हळूच म्हणाले, ‘‘नीर्काक्क.’’ आमच्यातल्या मल्याळी मित्राने अर्थ सांगितला. नीर म्हणजे पाणी, काक्क म्हणजे कावळा. पाणकावळाच! दोन भाषांतल्या लोकांनी एकाच पक्ष्याकडे पाहिले आणि त्यांना एकच गोष्ट सुचली. 53 जणांच्या गोंगाटात हे आम्हाला कधीच कळले नसते.

माझ्या मताला विरोध करणारे मित्र आहेत. ते म्हणतात, ‘‘वर्षभर फॉलिन, परेड, शिट्टी. सहलीत तरी मोकळे सोडा.’’ हे मला मान्य आहे. मलाही सहलीत ओरडायला आवडते. त्यासाठी समुद्रकिनारा आहे, बस आहे, जेवणाची पंगत आहे. दोन तास गप्प बसल्याने सहल बुडत नाही. दुसरे म्हणतात, ‘‘एका शाळेच्या एका भेटीने काय बिघडते?’’ पण एकच शाळा जात नाही. हजारो किलोमीटर उडून आलेले बदक दर तासाला घाबरून उडाले, तर त्याने खायचे आणि विसावायचे कधी? शिवाय त्या सरोवराचे हाल आधीच थोडे नाहीत. खारे पाणी अडवायला तण्णीरमुक्कमचा बंधारा दर वर्षी काही महिने बंद ठेवतात. त्याने भात वाचतो, पण आतले पाणी साचून राहते आणि जलपर्णी फोफावते. त्यात आपला स्पीकर कशाला?

हाउसबोटी बंद करा असे मी म्हणत नाही. अनेकांची चूल त्यावर पेटते. पूर्वी त्या केट्टुवळ्ळम होत्या, खिळे न वापरता काथ्याने बांधलेल्या मालवाहू होड्या. आपण फक्त गाणी बंद ठेवा असे सांगू शकतो. पक्ष्यांसाठी मात्र लहान होडी आणि फेरीबोट घ्यावी. याच सरोवरात वैक्कमला 2017 पासून ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची फेरीबोट चालते, तिला डिझेलच्या इंजिनाची घरघर नाही.

म्हणून शाळेपुढे माझ्या चार मागण्या आहेत. मनोऱ्यावर किंवा लपणात एका वेळी आठच कॅडेट जावेत, बाकीच्यांनी थांबावे. त्या दिवशी लाल टी-शर्टऐवजी खाकी किंवा हिरवा पोशाख असावा आणि फोन जमा करावेत. जाण्याआधी महिनाभर दर रविवारी एक तास आपल्याच आवारातल्या तळ्याकाठी सराव व्हावा, म्हणजे पाळीव बदकांना कोणी सायबेरियाला पाठवणार नाही. आणि त्या तळ्याकाठी बांबू व चटयांचे एक लपण आपण स्वतः बांधावे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात आपल्या तळ्याची यादीही जाऊ शकते.

या चारही गोष्टींना फारसा खर्च नाही. बांबू मेसच्या मागे पडून आहेत, चटया मागून मिळतील. आम्ही सहा जण रविवारी सकाळी पीटीनंतर काम सुरू करायला तयार आहोत. नववीच्या मुलांनी यावे. येताना बूट वाजवू नयेत.