कुलूप संगणकाला, शेरा माणसाला

तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर हात बसवून आमचा एक कार्यकर्ता सरकारी कचेरीत लिपिक झाला. टेबलावरच्या संगणकात मराठी होती, पण इन्स्क्रिप्टची. रेमिंग्टनवर 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये नेमके उलटे. बोटे अडखळली. रेमिंग्टनचा कीबोर्ड टाकून घ्यावा तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो वरच्या मजल्यावर. तीन अर्ज केले, उत्तर नाही. दरम्यान साहेबांनी शेरा मारला, काम संथ. शेजारचे कुजबुजले, कोट्यातला आहे!

संगणकाला कुलूप असावे, हे आम्हाला मान्य आहे. व्हायरसही खरे आणि माहितीची चोरीही खरी. पण यंत्राच्या कुलपावरून माणसाची गुणवत्ता कशी मोजता? खात्याने तपासून एकदा तो कीबोर्ड बसवून द्यायला असे किती कष्ट पडतात?

तोवर बांधवांनी इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावे. विंडोजमध्ये ते मुळातच असते, वेगळे काही आणून टाकावे लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ख'. (आम्हीही शिकलो, चाळिशी उलटल्यावर आणि डोके धरून.) पण अर्ज मागे घेऊ नका, पोच जपून ठेवा. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली देव दत्त खटल्यात सांगितले आहे. ती नोंद मागून घ्या आणि पोच जोडून लेखी उत्तर द्या.