थायरॉइडच्या रिपोर्टवर आठवडाही छापा

नववा आठवडा, अन्न पोटात ठरत नाही, छातीत धडधडते आणि हातात रक्ताचा रिपोर्ट: टीएसएच ०.०८, बाजूला ठळक अक्षरात ‘कमी’. शेजारच्या रकान्यात मर्यादा ०.४ ते ४. ही मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांची. तीच गरोदर बाईच्या रिपोर्टवरही अनेकदा तशीच छापून येते. कागद पाहून घरातले घाबरतात आणि ‘थायरॉइड वाढलाय, गोळी सुरू करा’ म्हणण्याचा मोह वाचणाऱ्यालाही होऊ शकतो. पुष्कळदा त्या बाईच्या ग्रंथीत बिघाड नसतोच. आकडा खरा असतो, पण तो भलत्याच मापाने मोजलेला असतो. म्हणून गरोदर बाईच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर गरोदरपणाचा आठवडा आणि त्या काळाला लागू असलेली मर्यादा छापणे बंधनकारक व्हावे, असे माझे मत आहे.

गर्भ रुजला की वार घडवणाऱ्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागतात. लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळे. एचसीजीचे दोन भाग असतात. त्यातला एक, पीयूषिकेतून येऊन थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचमधल्या भागासारखा हुबेहूब, दुसरा बराचसा मिळताजुळता. त्यामुळे थायरॉइडच्या पेशी एचसीजीलाही टीएसएच समजून प्रतिसाद देतात. हा जोर एरवी क्षीणच, पण आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास एचसीजी शिखरावर असते आणि तेव्हा ग्रंथी जास्त संप्रेरक बनवू लागते. ते पुरेसे झाल्याचे पाहून मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी आपले टीएसएच आवरते घेते. याच आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड अजून कामाला लागलेली नसते आणि त्याच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावर चालते. म्हणजे रिपोर्टवर ‘कमी’ म्हणून उमटलेला आकडा हा बहुधा शरीराने केलेल्या तरतुदीचाच परिणाम असतो. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तिमाहीत निरोगी स्त्रियांपैकीही सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जणींचे टीएसएच नेहमीच्या मर्यादेखाली आढळते. जुळे असेल तर ते आणखी खाली जाते. उलट्या फारच होणाऱ्या बायकांमध्येही हे अधिक दिसते. एचसीजी उतरू लागले की दुसऱ्या तिमाहीत आकडा आपोआप सावरतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो गंभीर. प्रत्येक कमी टीएसएच निरुपद्रवी मानले आणि ग्रंथी खरोखरच बेसुमार चालवणारा ग्रेव्ह्ज आजार निसटला तर? तो निसटता कामा नयेच, कारण उपचार न झालेला ग्रेव्ह्ज आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा. पण त्याच्या खुणा वेगळ्या असतात: गळ्याला सूज, डोळ्यांत बदल, दिवस जाण्याआधीपासूनची धडधड आणि वजनातली घट, रक्तात टीएसएचच्या ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडे. द्राक्षगर्भात (मोलर प्रेग्नन्सी) एचसीजी अफाट वाढते, त्यासाठी सोनोग्राफी पाहावी लागते. एकट्या टीएसएचवरून यातले काहीच ठरत नाही. फ्री टी-फोर या थायरॉइड संप्रेरकाची पातळी, तपासणी आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी लागते. गोळीची घाई मात्र महागात पडते. थायरॉइडचा जोर कमी करणारे कार्बिमाझोल सहाव्या ते दहाव्या आठवड्यात घेतल्यास बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. आणि उलट्यांनी कोरड्या पडलेल्या बाईला आधी गरज असते ती सलाइनची.

दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांना हे ठाऊक असते, कागदाने शिकवायची गरज काय? पालघर जिल्ह्यातल्या चिखल्यासारख्या गावाचा विचार केला की त्याचे उत्तर मिळते. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यातली बाई नोंदणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात करते, रक्त डहाणूत देते, त्रास वाढला की गुजरातमधले वापी किंवा वलसाड गाठते, बाळंतपणाला माहेरी जाते. दर वेळी डॉक्टर नवा, काही वेळा भाषाही नवी. तिच्याबरोबर सगळीकडे जातो तो कागदच. आशाताई आणि नर्सताई माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवतात, आणि ती तारीख प्रयोगशाळेच्या अर्जापर्यंत पोचतच नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. माहिती हाताशी असून वाया जाते.

या भागात रक्तक्षय, सिकलसेल, कुपोषण असे प्रश्न उभे असताना थायरॉइडचे काय घेऊन बसलात, असेही कुणी म्हणेल. प्रश्नांची ती उतरंड मला मान्य आहे. पण इथे नवी चाचणी मागितलेली नाही, नवी माणसे नाहीत. अर्जावर एक रकाना आणि संगणकातल्या नमुन्यात एक दुरुस्ती, एवढाच खर्च. शिवाय ज्या घरात दवाखान्याची एक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी, तिथे अनाठायी औषध आणि अनाठायी भीती दोन्ही जास्त भारी पडतात.

उरतो तज्ज्ञांतला मतभेद. केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादा २.५ धरली, अमेरिकन संस्थेने २०१७ मध्ये, स्थानिक आकडे नसतील तिथे, ती ४च्या आसपास नेली. मर्यादाच पक्की नाही तर छापायची कोणती, हा प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेने जी वापरली ती छापावी आणि कुठल्या सूचनेतली ते खाली लिहावे. आज छापली जाणारी ०.४ ही खालची मर्यादा तर या दोन्हींपैकी कुणीच पहिल्या तिमाहीसाठी सुचवलेली नाही.