तंतुकणिका शिकवायची तर आधी सोयाबीन उपटा

शिक्षक मित्रहो, तंतुकणिका म्हणजे काय, असं वर्गात विचारा. पोरं एका सुरात सांगतील, "पेशीचे ऊर्जाकेंद्र!" गुण पक्का. पण ती पेशीत आली कुठून, हे ना पोरं विचारतात, ना आपण सांगतो. माझ्या मते पेशीच्या पाठातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, आणि ती सांगायचं साहित्य आपल्या सातारा-सांगलीत फुकट मिळतं.

सुरुवात मसाल्याच्या डब्यापासून करा. कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल हे फूल नाहीच. तो बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल अन्न बनवतं, बुरशी आसरा देते. कासला सहल गेली तर फुलांचे फोटो झाल्यावर कातळावरचे करडे चट्टेही दाखवा. शैवाल बुरशीच्या धाग्यांत राहतं, पण तिच्या पेशीच्या आत नाही.

आत शिरलेला भाडेकरू बघायला ऑगस्टमध्ये वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या सोयाबीनच्या रानात जा. (मालकाला विचारून!) एक रोप मुळासकट अलगद काढा आणि मुळावरची गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी रंग दिसला तर गाठ कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतल्या पेशींच्या आत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल असा करून देतात आणि पिकाकडून अन्न घेतात.

आता विचारा, हा जिवाणू बियातून पुढच्या पिढीत जातो का? नाही. दर हंगामात तो जमिनीतून नव्याने यावा लागतो. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात. तंतुकणिकेचं तसं नाही. दीड अब्ज वर्षांहून आधी एक जिवाणू दुसऱ्या साध्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. आज ती आपल्याला आईकडून मिळते. तिची बहुतेक जनुकं हरवली किंवा केंद्रकात गेली. माणसाच्या तंतुकणिकेत फक्त ३७ उरलीत. पण वर्तुळाकार डीएनए, स्वतःचे रायबोसोम, स्वतःच दुभागणं, या जुन्या खुणा तशाच आहेत. उसाच्या पानातलं हरितलवकही असंच आत आलेल्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज.

लिन मार्ग्युलिस यांनी हे १९६७ साली मांडलं, तेव्हा छापून यायच्या आधी पंधराएक नियतकालिकांनी लेख परत केला होता. "परीक्षेत येत नाही" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना हेही सांगा, की गोष्ट अजून चालू आहे. समुद्रातल्या एका एकपेशीय शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा जिवाणू आता पेशीचं अंगकच झालाय, असं २०२४ साली दाखवलं गेलं. त्याचं नाव नायट्रोप्लास्ट.

इथे कुणीतरी विचारणारच, "सर, उसात असं झालं तर युरिया लागणारच नाही?" तेव्हा त्या गुलाबी रंगाकडे परत या. नायट्रोजन पकडणारं विकर ऑक्सिजनने बिघडतं. सोयाबीनच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला आवरून धरतं. उसाच्या मुळाला तशी गाठच नाही.