सोळाव्या वर्षाच्या पुढची पुस्तकं



या अंकाची जुळवाजुळव चालू असताना राळेगावच्या वाचनगटातून एक प्रश्न आला आणि ठरवलेलं संपादकीय बाजूला ठेवून मी त्यावरच लिहायला बसले. हा गट म्हणजे पंधरा-सोळा बायका. कोणी अंगणवाडीत, कोणी शिलाई मशीनवर, बहुतेकजणी शेतात. कापसाची वेचणी सुरू झाली की गट भरत नाही, ती संपली की पुन्हा भरतो. सुरुवात झाली ती सहज मिळणाऱ्या पुस्तकांपासून. साने गुरुजींचं 'श्यामची आई', भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी', मिलिंद बोकिलांची 'शाळा'. म्हणजे शाळकरी, पोरसवदा वयाच्या मुलामुलींच्या गोष्टी. त्या सगळ्यांनी मनापासून वाचल्या. आणि मग एका बैठकीत चाळिशीतली एक जण म्हणाली, "ताई, शाळेतल्या पोट्ट्यापोट्टीयचे पुस्तकं लय झाले. आता आमच्या वयाच्या बाईचं एखादं आणा."

दुसरीला हे पटलं नाही. ती म्हणाली, "मले तर तेच आवडते. माह्यं लगन सोळाव्या वर्षी झालं. ते वय मी पाह्यलंच कुठी?" तिसरी म्हणाली, "पुस्तक तेच आहे, पण मले आता त्या पोट्ट्याचं काही वाटत नाही, त्याच्या मायचं वाटते."

तीन बायका, तीन उत्तरं. तिन्ही खरी आहेत. पण आपल्या चळवळीने त्यांचा वेगवेगळा विचार करायला हवा, कारण तिन्हींच्या मागण्या वेगळ्या आहेत.

मोठ्या माणसांनी कुमारवयीनांसाठीची पुस्तकं वाचावीत का, हा वाद परदेशात बराच रंगला आहे. २०१२ साली अमेरिकेत बोकर या संस्थेने केलेल्या पाहणीत असं दिसलं की, बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे होते. २०१४ साली रूथ ग्रॅहम यांनी 'स्लेट' या नियतकालिकात लिहिलं की, मुलांसाठी लिहिलेलं वाचताना मोठ्यांना संकोच वाटायला हवा. त्यावर भरपूर रागावून उत्तरं आली. या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वाचणाऱ्या प्रत्येकीला एक कुमारवय मिळालं होतं, ते संपलं, आणि आता ती पुन्हा तिकडे वळून पाहते आहे.

आपल्याकडे हे गृहीत धरता येत नाही. मुलींच्या लग्नाचं किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा ठरवलं, १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झालं. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातल्या एकीहून जास्त. ज्यांचं लग्न झालं नाही त्यांच्यापैकीही कितीजणी सातवी-आठवीत शाळा सोडून धाकट्या भावंडांना सांभाळायला किंवा वेचणीला लागल्या, ते आपण रोज बघतो. शाळेच्या मधल्या सुट्टीतली गुपितं, वहीत लपवलेली चिठ्ठी, परीक्षेची भीती, मोठेपणी काय व्हायचं याचा विचार करत गच्चीवर बसणं, हे ज्याला आपण कुमारवय म्हणतो ते सगळं शहरगावातल्या, हायस्कूलपर्यंत पोचलेल्या घरांचं. कोलामाच्या पोडावरच्या चौदा वर्षांच्या मुलीला ते कुणी दिलेलं नाही.

म्हणून पस्तिशीतली बाई 'शाळा' वाचून हसते, तेव्हा ती जे वय आपल्याकडून काढून घेतलं गेलं त्याची चव घेत असते. तिला बालिश म्हणायचा हक्क कुणाला नाही. आपल्यापैकी काही कार्यकर्त्या असं वाचन म्हणजे पळवाट आहे असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडून काय घेतलं गेलं हे नेमकं कळणं, हीसुद्धा जाणीवजागृतीच आहे. आपल्या मुलीचं लग्न दहावीनंतर लगेच उरकू नये, असं ठामपणे म्हणायचं बळ कधीकधी तिथूनच येतं.

आता तिसरीचं म्हणणं घेऊ, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुस्तक तेच, पण आपली नजर सरकते. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. शाळेत ते आपल्याला संस्कारांचं पुस्तक म्हणून वाचायला दिलं गेलं. आई कशी असावी आणि मुलाने कसं वागावं, एवढंच त्यात आहे असं आपण समजलो. पण चाळिशीच्या बाईने ते पुन्हा वाचलं की वेगळंच दिसतं. ते कर्जाचं पुस्तक आहे. घर हळूहळू सावकाराच्या घशात जातं, वसुलीला आलेला माणूस दारात अपमान करतो, आणि कर्ज काढण्याचा निर्णय जिने घेतला नाही ती बाई ते निस्तरत निस्तरत झिजून मरते. यवतमाळ जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, बी-बियाण्याची उधारीही त्याच्याच नावावर असते, आणि तो गेला की दारात येणाऱ्या माणसापुढे बाई उभी राहते. राळेगावच्या बायकांनी त्या पुस्तकातली ही बाई शोधून काढली. त्यासाठी त्यांना कुणा समीक्षकाची गरज पडली नाही.

'चौघीजणी'चंही तसंच. लुइझा मे अल्कॉट यांची मूळ कादंबरी १८६८ आणि १८६९ साली दोन भागांत आली. पंधराव्या वर्षी वाचणारी प्रत्येक मुलगी स्वतःला ज्यो समजते. लिहिणारी, केस कापून विकणारी, मुलगा असते तर बरं झालं असतं असं म्हणणारी ज्यो. मोठेपणी वाचताना लक्ष जातं ते चौघींच्या आईकडे. नवरा युद्धावर गेलेला, घरात पैसा नाही, आणि ही बाई एके ठिकाणी ज्योला सांगते की मलाही तुझ्यासारखाच राग येतो, मी तो गिळायला शिकले आहे. ज्या घराला आपण आदर्श म्हणून मान डोलावतो, त्या घराच्या पायाशी एका बाईचा गिळलेला राग आहे. आणखी एक गोष्ट. ज्योचं लग्न पुस्तकात होतं, अल्कॉट स्वतः मात्र अविवाहित राहिल्या. लेखिकेने स्वतःसाठी जे निवडलं ते नायिकेला देता आलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांना नायिकेचं लग्न हवंच होतं.

'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, आणि त्याचं शिरोडकरवरचं प्रेम. मराठी वाचकांच्या दोन पिढ्या तिच्यावर लोभ करतात आणि तो लोभ योग्यच आहे. पण शिरोडकर कादंबरीभर मुकुंदच्या नजरेतून दिसते. ती आपल्या लक्षात राहते ती आडनावाने. ती घरी गेल्यावर काय विचार करत असेल, तिच्या आईने तिला काय बजावलं असेल, मुलांच्या त्या टेहळणीची तिला कधी भीती वाटली असेल का, हे प्रश्न पंधराव्या वर्षी पडत नाहीत. मुलीची आई झालेल्या बाईला ते पहिल्या पानापासून पडतात. यात कादंबरीला कमीपणा नाही. पण शिरोडकरच्या बाजूची 'शाळा' अजून कुणीतरी लिहायची आहे, एवढं त्यातून कळतं.

तर मग पहिलीचं म्हणणं उरतं. आता ही पुस्तकं पुरे. मला ते अगदी रास्त वाटतं. पोरवयाच्या गोष्टीत सगळं पहिल्यांदा घडत असतं: पहिलं प्रेम, पहिला अपमान, पहिलं बंड. गोष्ट संपते तेव्हा पात्रापुढे सगळं आयुष्य उघडं असतं. मुलीची गोष्ट असेल तर ती लग्नाशी येऊन थांबते. नेमकं जिथे पुस्तक मिटतं, तिथून आपलं जगणं सुरू होतं. पहिलं बंड कसं करावं हे त्या गोष्टी सांगतात. पण वीस वर्षं एकाच घरात राहून, त्याच माणसांशी बोलत, रोज थोडं थोडं बंड कसं चालवावं, कधी माघार घ्यावी, माघार आणि हार यांत फरक काय, हे त्यांत नसतं. जमिनीवर नाव लावण्याची भांडणं, पाळी जाण्याचे दिवस, सुनेचं आणि आपलं नातं, नवऱ्याच्या मागे उरलेलं आयुष्य आणि त्या आयुष्यातही उरलेली इच्छा, हे विषय मोठ्या बाईचे आहेत.

मराठीत असं लिहिलं गेलेलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने केवढी खळबळ उडवली! शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या बाईलाही मन आणि शरीर असतं, एवढंच तर त्या कथा म्हणत होत्या. १९८० साली गौरी देशपांडे यांनी 'एकेक पान गळावया'मध्ये उतरत्या वयातली बाई मध्यभागी आणली. शांता गोखल्यांच्या 'रीटा वेलिणकर'मध्ये (१९९०) घरासाठी राबून राबून कोलमडलेली नोकरदार बाई आहे. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' (१९८६), ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३), कविता महाजनांची 'ब्र' (२००५), यांतल्या बायका लग्नाशी थांबत नाहीत. ऊर्मिलाताई तर लग्न आणि मुलं झाल्यावर शिकल्या, आणि ते शिकताना घरात काय काय झालं तेही त्यांनी लिहून ठेवलं.

अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे ही पुस्तकं तालुक्याच्या गावी पोचत नाहीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याखाली अ, ब, क, ड अशा दर्जांच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतं. पण किती ठिकाणी बाई आत जाऊन कपाट उघडून पुस्तक निवडू शकते? वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती पुरुष बसलेले असतात, अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची मुलं असतात. बाई दारातूनच "काहीतरी चांगलं द्या" म्हणते आणि तिला पाककृतीचं, व्रतवैकल्याचं किंवा मुलांचं पुस्तक मिळतं.

दुसरी अडचण आपल्या मनातली आहे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, हजारो प्रौढ बायका लिहा-वाचायला शिकल्या. त्यांच्या हाती आपण काय दिलं? मोठ्या अक्षरातल्या, उपदेश करणाऱ्या पुस्तिका. स्वच्छता ठेवा, बचत करा, कुटुंब लहान ठेवा. बाई चार मुलं वाढवून, नांगरटीपासून वेचणीपर्यंत सगळं करून आलेली असते, आणि पुस्तक तिच्याशी सहा वर्षांच्या मुलीशी बोलावं तसं बोलतं. शिक्षण चौथीपर्यंतचं असलं म्हणून समज चौथीची नसते. इयत्ता आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोपी भाषा हवी, पण विषय मोठ्या माणसाचा हवा. पुरुषप्रधान समाज बाईला जन्मभर कुणाची तरी मुलगी करून ठेवतो. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या धाकात. पुस्तकं निवडताना आपणही नकळत तेच करणार असू, तर राळेगावच्या त्या बाईने आपल्याला वेळेवर टोकलं आहे.

मोठ्या बाईचं जगणं हा साहित्याचा विषय आहे की नाही, याचं उत्तर याच जिल्ह्यात एकदा जाहीरपणे मिळालं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावर गदारोळ झाला, आणि अखेर उद्घाटन केलं ते शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर चालवणारी, 'तेरवं' या नाटकात आपल्यासारख्या बायकांसोबत उभी राहिलेली ही बाई. निमंत्रण मागे घेण्याची गोष्ट गैरच होती. पण त्या दिवशी मांडवात जे ऐकू आलं ते शेतकरी बाईच्या मधल्या वयाचं बोलणं होतं. मराठी कादंबरीत ही बाई बहुधा कुणाची तरी आई म्हणून येते, तिथे ती स्वतःचं बोलत होती.

म्हणून आपल्या गटांसाठी काही सुचवते. पोरवयाची पुस्तकं टाकून देऊ नका. ती मायलेकींनी मिळून वाचा, आणि कोणाला कोणाचं वाटलं ते एकमेकींना सांगा. लेक श्यामबद्दल बोलेल, माय त्याच्या आईबद्दल. त्या दोन वाचनांमधलं अंतर हाच चर्चेचा विषय करा. दुसरं, आपल्या गावच्या ग्रंथालयाला बायकांच्या सह्यांचं पत्र द्या. त्यात पाच-सहा पुस्तकांची नावं स्पष्ट लिहा आणि आठवड्यातून एक दुपार बायकांसाठी मागा. तिसरं, ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी एकीने मोठ्याने वाचावं. 'जिणं आमुचं' तर ऐकण्यासारखंच आहे.

आणि चौथं, लिहा. पुढच्या अंकापासून 'सोळाव्या वर्षाच्या पुढे' या नावाने दोन पानं मी राखून ठेवते आहे. लग्नानंतरच्या, चाळिशीतल्या, साठीतल्या बाईची गोष्ट पाठवा. स्वतःची असो, शेजारणीची असो, तिची परवानगी घेऊन. शुद्धलेखनाची काळजी करू नका, वऱ्हाडीत लिहिलंत तर वऱ्हाडीतच छापू. लिहिता येत नसेल तर गटातल्या मुलीला सांगा आणि तिच्याकडून लिहून घ्या. गोष्ट लग्नाशी संपवू नका, एवढीच अट.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

– संपादक