मधुमेहावरील चूर्णे आणि आपला व्यापारीवर्ग

सांप्रत बीदरच्या गांधी गंजात किंवा कलबुर्गीच्या नेहरू गंजात फेरफटका मारला, तर तूर, उडीद व ज्वारीच्या राशींपलीकडे, किराणा दुकानांतून, एक नवा माल मांडलेला दिसतो. मेथी, कारले, जांभळाची बी व गुडमार यांची चूर्णे आणि कॅप्सूल ‘साखर मुळापासून घालविणारी’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती दिली जातात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा मालाला उठाव असणारच. दिवसभर गादीवर बसून धंदा करणाऱ्या आपल्या वर्गास तर हा रोग परका नाही. हा माल ठेवणाऱ्यांत आपलेच बंधू आहेत, म्हणून चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या वनस्पती निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. १९९० साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी इन्सुलिनवर असलेल्या काही रुग्णांच्या आहारात मेथी घालून पाहिली. त्यांची साखर उतरली, हे खरे. परंतु मेथी किती? तेल काढलेले पीठ रोज १०० ग्रॅम, आणि तेही दहाच दिवस! आपण तागडीवर जन्म काढणारी माणसे. निव्वळ मेथीची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्याच्या पोटात तितकी मेथी जावयास दिवसाला २०० कॅप्सूल लागतील, हा हिशेब आपणांस कोणी शिकवावयास नको. गुडमारची गोष्ट मौजेची आहे. तिचा पाला चावला की जिभेस काही काळ गोडी कळेनाशी होते. जिभेवरची साखर गेली म्हणजे रक्तातलीही गेली, असे मानणारे भाविक पुष्कळ!

खरी भीती निराळीच आहे. निव्वळ वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात ग्लिबेनक्लामाइडसारखी डॉक्टरी औषधे गुपचूप मिसळलेली देशोदेशी आढळली आहेत. असे चूर्ण घेणाऱ्या गृहस्थाने पर्युषणात उपवास धरला, तर साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडू शकतो, आणि घरच्यांस कारणही उमगत नाही. उलट, चूर्णावर विसंबून इन्सुलिन वा गोळ्या सोडणाऱ्याचे डोळे, मूत्रपिंडे व पाय हळूहळू धोक्यात येतात. शिवाय कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. वेष्टन वाचून हे पडताळणारे आपल्यात किती?

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या सूचीत मधुमेहाचे नाव आहे. तो बरा करण्याचे आश्वासन देणारी औषधाची जाहिरात गुन्हा ठरते. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना आवश्यक आहे. वेष्टनावर ही सूचना आणि दुकानदाराच्या तोंडी नेमके उलट, हा व्यवहार आमच्या मते खोट्या मापाइतकाच निंद्य होय.

मेथी भाजीसाठी, फोडणीसाठी खुशाल विकावी. रोग्यास मात्र डॉक्टरांकडेच धाडावे. मेटफॉर्मिनची गोळी जनऔषधी केंद्रात अल्प दरात मिळते. संघाने येत्या वार्षिक सभेत दोन ठराव आणावेत, अशी आमची सूचना आहे: सभासदांनी ‘मधुमेह बरा होतो’ अशी पाटी दुकानी लावू नये, आणि दरवर्षी गंजातील हमाल-मुनीमांसह सर्वांची साखर तपासण्याचे शिबिर भरवावे. भालकी, बसवकल्याण व आळंद येथील बंधूंनी जागेची सोय पाहिल्यास दिवाळीपूर्वीच आरंभ करता येईल.